खांबेटेबाईंचा कवड्या

वासंती खांबेटे यांनी आयुष्याची एकतीस वर्षं सापांच्या बरण्या पुसण्यात घालवली. शहरातल्या एका जुन्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या. औषधाच्या पाण्यात ठेवलेला साप काही वर्षांत रंग सोडतो. नाग काय आणि धामण काय, दोन्ही चहात पडलेल्या बिस्किटासारखे दिसायला लागतात. त्यामुळे बाई साप रंगावरून ओळखत नसत, खवले मोजून ओळखत. प्राध्यापक आले, बढत्या घेऊन गेले. त्यांतल्या एकानं एकदा वर्गापुढे अजगर म्हणून घोणस धरली, तेव्हा बाई आतल्या खोलीतून शांतपणे म्हणाल्या होत्या, "सर, अजगर डावीकडच्या कपाटात आहे. हातातली खाली ठेवा, मेलेली आहे म्हणून वाचलात."

त्या सरांना पुढे विभागप्रमुख केलं. बाईंना काहीच केलं नाही. तेव्हापासून पदव्या लावणाऱ्या माणसांविषयी बाईंचं एक मत झालं, आणि ते मत त्यांनी निवृत्त होताना घड्याळाबरोबर घरी नेलं.

लग्न त्यांनी केलं नाही. शनिवार पेठेतली भाड्याची जागा मालकाला सोडून दिली, फंडाचे पैसे आले त्यात वारज्याला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. साल दोन हजार दोन. बिल्डरनं आधी टेकडीचा पायथा खणला, मग ओढा पायपात घातला, मग उरलेली बाभळ तोडली आणि हे सगळं झाल्यावर जागेला नाव ठेवलं 'निसर्गविहार'. बाईंनी पहिल्याच दिवशी कमानीवरची ती अक्षरं वाचली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "निसर्गाचा विहार झालेला दिसतोय. आता तेरावं राहिलंय."

अठ्ठावीस बिऱ्हाडं. त्यांतली वीस तरी हिंजवडीच्या कंपन्यांत. सकाळी गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवून ही मंडळी बसची वाट बघत उभी राहत, आणि गॅलरीतून बाई त्यांच्याकडे बघत. दावणीला बांधलेल्या जनावराच्या गळ्यात पट्टा असतो हे बाईंना माहीत होतं. पण तो पट्टा जनावर स्वतः हौसेनं घालून मिरवतं, हे त्यांनी वारज्यालाच पहिल्यांदा पाहिलं.

सोसायटीचा सेक्रेटरी केदार पटवर्धन. वय बत्तीस, नोकरी सॉफ्टवेअरची, घराणं सदाशिव पेठेतलं. म्हणजे खरं तर आपलाच माणूस, पण बाईंच्या मते अमेरिकेतल्या सहा महिन्यांनी तो पार नासला होता. तो 'इश्यू' म्हणे, 'क्लोज करू' म्हणे. आणि बाईंना काकू म्हणे. त्याच्या वडिलांचा त्यांच्याशी काय संबंध होता, हे बाईंनी त्याला एकदा विचारलंही होतं.

पहिल्या पावसाळ्यात बी विंगच्या जिन्याखाली धामण निघाली. सगळी सोसायटी पार्किंगमध्ये जमली. कुणी पातेली वाजवली, कुणी झाडू आणला, एका इंजिनिअरनं क्रिकेटचं हेल्मेट घातलं. बाई चपला घालून खाली उतरल्या, दहा हातांवरून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "धामण आहे. बिनविषारी. तुमच्या धान्याचे उंदीर खायला आलीये. रस्ता द्या तिला, तिला तुमच्यात काहीही रस नाही."

लोक मागे सरकले, धामण भिंतीकडेनं निघून गेली. पंधरा दिवसांनी पाण्याच्या टाकीपाशी दिवड निघाला, तोही बाईंनी ओळखला. मग एका न्हाणीघरात कवड्या निघाला, पाली खाणारा, बिचारा, बोटाएवढा. त्या घरातली बाई स्टुलावर चढून रडत होती. एकदा तर बागेच्या पाण्याच्या नळीसाठी बाईंना खाली बोलावलं. तेव्हापासून निसर्गविहारात त्यांचं नाव 'सापवाल्या बाई' पडलं. त्यांना ते आवडलं, पण तसं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

सापांचा 'इश्यू' घेऊन केदारनं सभा बोलावली. एकानं सुचवलं, कंपाउंडच्या कडेनं कार्बोलिक ॲसिड ओतू. दुसरा म्हणाला, आवाजाची मशीनं मिळतात, त्यानं साप पळतात. तिसऱ्याच्या सासऱ्यांच्या मते जागेत दोष होता आणि वास्तुशांत करायला हवी होती. चौथ्यानं सरळच सांगितलं, वॉचमनला काठी द्या, दिसला की ठेचा. केदारनं विचारलं, बिल्डरकडून साप नसल्याचा दाखला घेता येईल का.

"दाखला मिळेल," बाई म्हणाल्या. "पण सापाला वाचता येत नाही."

मग त्या उभ्या राहिल्या आणि पहिलीतल्या मुलांना सांगावं तसं सांगायला लागल्या. कबुतरांना दाणे टाकायचे बंद करा, म्हणजे उंदीर बंद. उंदीर गेले की साप कशाला येतील? सांडपाण्याच्या पायपांच्या तोंडांना बारीक जाळी बसवा. दाराखालच्या फटी बुजवा. खिडकीवर चढवलेल्या वेली छाटा. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, बाहेर ठेवलेले बूट झटकून घाला, सामानाच्या ढिगात बघितल्याशिवाय हात घालू नका. साप दिसला तर त्याच्यापासून लांब उभे राहा, त्याच्यावरची नजर हलवू नका आणि कात्रजच्या सर्पोद्यानात फोन करा, तिथून माणूस येतो. मारायला जाल तर चावून घ्याल. चावलेल्यांत अर्धे असे शहाणेच असतात. "आणि ए विंगमागे बिल्डरनं फुटक्या फरशांचा ढीग टाकलाय, तो आधी हलवा. त्यानं बांधलेली ती एकच इमारत पक्की आहे, आणि तीही सापांसाठी."

लोक हसले. टाळ्याही वाजवल्या. कबुतरांचे दाणे चालूच राहिले, कारण ते पुण्याचं काम होतं. जाळ्या अर्ध्या पायपांना बसल्या. फरशांचा ढीग मात्र हलला. सोसायटीबाहेर नेऊन टाकायला टेम्पो मागवावा लागला असता, म्हणून तो कंपाउंडच्या कोपऱ्यात पंपाच्या खोलीशेजारी नेऊन रचला. केदारनं गॅलरीखाली उभं राहून विचारलं, "काकू, इथे चालेल ना?"

बाईंनी वरून बघितलं. "चालेल. इमारतीपासून लांब आहे."

पंपाच्या खोलीला लागून पत्र्याची एक खोली होती. तिथं वॉचमन उत्तरेश्वर आणि त्याची बायको इंदुबाई राहत. ही जोडी धाराशिवकडून आली होती. तिकडे दोन वर्षं पाण्याची टंचाई होती आणि इकडे बांधकामं जोरात. उत्तरेश्वर आधी याच इमारतीवर सिमेंट कालवायला होता, इमारत पुरी झाल्यावर तिच्याच गेटवर बसला. इंदुबाई जिने झाडायची आणि चार घरची धुणीभांडी करायची. त्यांतलं एक घर बाईंचं. तिचं काम बाईंना पसंत होतं. म्हणजे बाई तिला रोज फक्त एकदाच परत भांडं घासायला लावत.

उत्तरेश्वर सापांच्या बाबतीत गप्प बसायचा. साप निघाला की काठी घेऊन उभा राहायचा आणि बाईंच्या तोंडाकडे बघायचा. बाई म्हणाल्या सोड, की सोडायचा. बाईंना तो सगळ्या सोसायटीत जरा अकलेचा वाटे, कारण तो त्यांचं ऐकत असे.

दोन हजार चारचा श्रावण. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. बाई गॅलरीत बसून मेथी निवडत होत्या. चष्मा आत टेबलावर होता. मेथीला तो लागत नाही. खाली एकदम गलका झाला. "साप! साप!" त्या महिन्यातली ही पाचवी आरोळी. आधीच्या चारांत दोन गांडुळं होती.

बाई उठल्या, कठड्यावरून वाकल्या. पंपाच्या खोलीपाशी ट्यूबलाइटच्या उजेडात फरशांच्या ढिगाकडेला काळपट काहीतरी वळवळत होतं, अंगावर पांढुरके पट्टे. पाच-सात माणसं वीस हातांवर उभी होती, पुढे उत्तरेश्वर.

"काकू!" केदारनं हाक मारली. "कुठला आहे? जरा खाली येता का?"

पुन्हा काकू. बाईंनी मेथीची जुडी हातातून सोडली नाही.

"कवड्या आहे," त्या वरूनच म्हणाल्या. "पाली खातो. मागच्या वेळी सांगितलं होतं, विसरलात वाटतं."

उत्तरेश्वरनं मान वर केली. तो सहसा बोलायचा नाही, पण त्या दिवशी बोलला. "बाई, कवड्या नाय वाटत ह्यो. आमच्याकडं ह्याला मण्यार म्हनत्यात. लई काळा हाय. अन् मानंपाशी पट्टे नायत ह्याला, शेपटाकडं हायेत."

बाईंना राग आला. एकतीस वर्षं ज्यांनी खवले मोजले, त्यांना हा गेटवरचा माणूस पट्टे शिकवत होता, आणि तेही सगळ्यांदेखत.

"उत्तरेश्वर, तुम्ही गेट सांभाळा," त्या म्हणाल्या. "साप मी बघते."

दोन-चार जण हसले. उत्तरेश्वरनं खाली बघितलं. काठी भिंतीला टेकवली. साप फरशांच्या फटीत शिरला. केदार म्हणाला, "चला, इश्यू क्लोज्ड," आणि सगळे आपापल्या घरी मालिका बघायला गेले. बाईंनी मेथी निवडून पुरी केली. भाजी चांगली झाली होती. रात्री त्यांना झोपही चांगली लागली.

सकाळी दूध घ्यायला बाई खाली निघाल्या, तर पहिल्या मजल्याच्या पायरीवर इंदुबाई झाडू मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलेली. समोर केदारची बायको स्पृहा ग्लास घेऊन उभी होती.

"ॲसिडिटी आहे हो," स्पृहा म्हणाली. "पोटात कळा येतायत म्हणतेय. मी औषध दिलंय. रात्रीची झोप नाही झालेली, बघा ना डोळे कसे मिटतायत."

बाईंनी डोळे बघितले आणि त्या तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"इंदुबाई, वर बघा. माझ्याकडे."

इंदुबाईनं मान उचलली. डोळे उघडायला तिनं कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर ओढल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. दुकानाचं शटर अडकावं तशा.

"थुंकी गिळता येते का?"

"घशात... आडकतंय," इंदुबाई म्हणाली. जीभ जड झाली होती.

"पहाटे काही चावलं?"

"मुंगी असंल. कोपराला... चुनचुन झालं. मी झटाकलं अन् निजले."

बाईंनी तिचा हात उजेडात धरला. सूज नाही, लाली नाही. कोपराच्या आतल्या बाजूला टाचणी टोचल्यासारखे दोन ठिपके, ते पण बघायचे म्हणून बघितले तर दिसणारे. बाईंच्या डोळ्यांपुढे आदल्या संध्याकाळचा तो काळा कुळकुळीत साप आला. आत्ता तो अगदी स्पष्ट दिसत होता. मान कोरी, पट्टे शेपटीकडे दाट, दोन-दोनच्या जोडीनं. कॉलेजातल्या कुठल्याही पोराला परीक्षेत सांगता आलं असतं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. मण्यारचं नेमकं उलटं. कालच्या सबंध घोळक्यात हे एकाच माणसानं सांगितलं होतं आणि त्याला त्यांनी गेटवर पाठवलं होतं.

"स्पृहा," त्या म्हणाल्या, "नवऱ्याला गाडी काढायला सांग. आत्ता. मण्यार चावलाय."

दोन मिनिटांत जिन्यात गर्दी झाली. उत्तरेश्वर धावत आला. त्यानं खांद्यावरचा पंचा काढून बायकोच्या दंडाला करकचून आवळला. कुणी कडुलिंबाचा पाला आणायला पळालं. हेल्मेटवाला इंजिनिअर म्हणाला, ब्लेडनं कापून रक्त काढलं पाहिजे, त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं.

"ते ब्लेड दाढीसाठी ठेवा," बाई म्हणाल्या. "उत्तरेश्वर, पंचा सोडा. असं बांधून विष थांबत नाही, हात मात्र जातो. हिला चालवू नका, उचलून न्या. काही खायला-प्यायला घालू नका, गिळता येत नाहीये तिला."

पाला घेऊन आलेल्याकडे त्यांनी नुसतं बघितलं, तर तो पाला खाली टाकून बाजूला झाला.

केदार अर्ध्या चड्डीवरच खाली आला होता. गाडी त्यानं थेट जिन्याला लावली. "कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमला नेऊ, पाच मिनिटांत पोचू."

"तिथं सापाचं इंजेक्शन आहे? व्हेंटिलेटर आहे?"

"माहीत नाही."

"मग तिथं पोचून काय करायचं? हिचा श्वास बंद पडणार आहे, केदार. मोठ्या हॉस्पिटलला चल. स्पृहा, तू फोन लाव, दोन्ही आहे का विचार, आणि आम्ही काय घेऊन येतोय ते सांग."

मागच्या सीटवर इंदुबाईला कुशीवर निजवली, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर पडेल. केदारच्या इंग्रजी मासिकाची गुंडाळी करून बाईंनी तिचा हात सरळ बांधला. सैल, फक्त हलू नये एवढा. आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. पुढे उत्तरेश्वर मागे वळून बायकोकडे बघत होता.

हायवेला गाड्या तुंबलेल्या. हिंजवडीकडे निघालेल्या बसा, एकेका बसमध्ये पन्नास-पन्नास पट्टे. केदारनं दिवे लावून, हॉर्नवर हात ठेवून, अंगाला अंग घासत गाडी काढली. स्पृहाचा फोन आला. दोन्ही आहे, दारात तयार थांबताहेत, मागच्या फाटकानं या. एवढं सगळं तिनं चार मिनिटांत कसं केलं कुणास ठाऊक. तिला नेलपॉलिशच्या पलीकडे काही येत असेल, असं बाईंना आजवर वाटलं नव्हतं.

इंदुबाई काहीतरी पुटपुटली. बाई वाकल्या.

"दिसना झालंय," ती म्हणाली. "मी मरतीया का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "श्वास घ्या. बोलू नका. मी सांगते तेव्हा घ्या. हं. आता सोडा." हायवेवरच्या पुलापासून हॉस्पिटलपर्यंत बाई श्वास मोजत गेल्या. शेवटी शेवटी दोन श्वासांमधलं अंतर इतकं वाढलं, की मोजायला आकडे पुरेनासे झाले.

दारात खरंच स्ट्रेचर होतं. इंदुबाईला आत घेतलं, तोंडात नळी घातली. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन बाहेर आला.

"साप कुठला होता? कुणी बघितला?"

उत्तरेश्वर आतल्या दाराकडे तोंड करून उभा होता. बाईंकडे बघतही नव्हता. त्यानं तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

"मण्यार," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी यांच्या खोलीपाशी निघाला होता. हे म्हणाले मण्यार आहे. मी म्हटलं कवड्या आहे. माझं ऐकून सोडून दिला. मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं..."

"आजी, साप कुठला ते तिच्या पापण्यांनीच सांगितलंय," डॉक्टर मध्येच म्हणाला. "किती वाजता चावला एवढं सांगा, आणि बाहेर बसा."

बाई बाहेर बसल्या. आजी! सकाळपासून काकूसुद्धा कुणी म्हणालं नव्हतं, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. लाकडी बाकावर एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला उत्तरेश्वर. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. केदार उभाच होता, अर्ध्या चड्डीत. दहा वाजता त्याचा फोन वाजायला लागला, अमेरिकेतला कुणी साहेब असावा. त्यानं एकदा फोन घेतला, "आज नाही जमणार," एवढंच मराठीत म्हणाला आणि बंद करून खिशात टाकला. मग जाऊन तीन चहा आणले.

बाईंनी उत्तरेश्वरला म्हटलं, "माझं चुकलं."

त्यानं चहाचा कप बाकावर ठेवला. म्हणाला, "मला ठावं हुतं, बाई. ल्हानपणापासनं बघतोय. आमचा चुलता त्यानंच गेला. पन तुमी म्हनलात म्हनल्यावर... म्या म्हनलं, शिकलेलं मानूस हाय, आपलंच चुकत असंल. तसाच जाऊन निजलो बगा. भुईवरच निजतो आमी."

भुईवर. बाईंनी सभेत बूट सांगितले होते, वेली सांगितल्या होत्या, दाराखालच्या फटी सांगितल्या होत्या. अठ्ठावीस बिऱ्हाडांना सगळं सांगितलं. एकोणतिसावं बिऱ्हाड जमिनीवर झोपतं आणि मण्यार उबेला अंथरुणात येतो, हे त्यांना पाठ होतं. पण पत्र्याच्या त्या खोलीला दार कसलं आहे हे त्यांनी कधी वळून बघितलं नव्हतं. फरशांचा ढीग तिच्या भिंतीला लावायची परवानगीसुद्धा त्यांचीच. इमारतीपासून लांब! आयुष्यभर ज्यांना मूर्ख म्हटलं त्या सगळ्यांना ओळीनं बाकावर बसवलं असतं, तर पहिल्या नंबरावर आज कोण बसलं असतं, याविषयी बाईंना शंका उरली नाही.

इंदुबाई पाच दिवस यंत्राच्या श्वासावर होती. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले, सहाव्या दिवशी नळी निघाली. पहिला शब्द तिनं नवऱ्याला उद्देशून काढला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. हॉस्पिटलचं जे बिल झालं ते सोसायटीनं भरलं. केदार घरोघर फिरला, आणि ज्यांनी कुरकुर केली त्यांना त्यानं जे सुनावलं ते बाईंनी जिन्यात उभं राहून ऐकलं. शुद्ध सदाशिव पेठी होतं. पोरगा अगदीच नासलेला नव्हता.

पुढची सभा बाईंनी स्वतः बोलावायला लावली. उभ्या राहून काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. चष्मा नव्हता हे सांगितलं, खाली उतरण्याचा कंटाळा केला हेही सांगितलं. लोकांनी मान हलवली, आणि हलवताना काहींच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू आलं ते बाईंना दिसलं. आता चष्मा होता.

"म्हणजे आता दिसेल तो साप मारायचा ना, मॅडम?" हेल्मेटवाल्यानं विचारलं. "तुम्हालाच ओळखता येत नाही, तर आम्हाला कसं येणार?"

"अजिबात मारायचा नाही," बाई म्हणाल्या. "ओळखायचाही नाही. मी नाही, तुम्ही तर नाहीच. लांब उभं राहायचं आणि फोन करायचा. माझ्याइतकं शहाणपण कुणी करू नये एवढ्यासाठी सांगतेय, तुमच्यावर माया आलीये म्हणून नाही."

दुसऱ्या दिवशी कात्रजहून माणूस आला. किडकिडीत, पन्नाशीचा, पायात गमबूट. हातात लांब आकडा आणि कापडी पिशवी. त्यानं साप गळ्यात घालून कुणाला फोटो काढू दिला नाही, एक शब्द जास्त बोलला नाही. मजूर एकेक फरशी लांब पहारीनं उलटत होते आणि तो बघत होता. चाळिसाव्या का पन्नासाव्या फरशीखाली मण्यार वेटोळं घालून पडलेला. आकड्यानं उचलला, पिशवीत सोडला, तोंड बांधलं. बाई दहा हातांवर उभ्या होत्या. त्यांना विचारावंसं वाटलं की खवले बघू देता का. पण त्यांनी विचारलं नाही. टेम्पो आला आणि ढीग निसर्गविहारातून गेला.

पत्र्याच्या खोलीसाठी सोसायटीनं लोखंडी खाट आणि मच्छरदाणी घेतली. पण इंदुबाईनं त्या खोलीत पाय ठेवला नाही. तिच्या भावानं वाघोलीला एका कॉलेजच्या वसतिगृहावर नवऱ्यासाठी काम बघितलं होतं. सामान टेम्पोत चढलं तेव्हा बाई खाली आल्या. निरोप घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"भांडी चांगली घासायचात तुम्ही," त्या म्हणाल्या. "उगाच परत घासायला लावायची मी."

"ठावं हाय मला," इंदुबाई म्हणाली आणि टेम्पोत बसली.

दिवाळीनंतर बाई दोन बस बदलून वाघोलीला गेल्या. का गेल्या हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. रस्ताभर धूळ, नव्या इमारतींचे सांगाडे आणि 'निसर्ग', 'सृष्टी', 'वनराई' असल्या नावांच्या पाट्या. एकेक पाटी वाचून त्या मनात शेरे मारत गेल्या. ती सवय सुटायची नव्हती.

वसतिगृहामागच्या खोलीचं दार इंदुबाईनं उघडलं. पापण्या पूर्वीसारख्या झाल्या होत्या, आवाज मात्र जरा घोगरा. ती "या" म्हणाली, हसली नाही. बाई आत आल्या आणि त्यांची नजर आपोआप कोपऱ्याकोपऱ्यातून फिरली. पलंग चार विटांवर उचललेला, भिंतीपासून वीतभर दूर. मच्छरदाणीची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. दाराखाली जुन्या टायरची पट्टी ठोकलेली. सरपण बाहेर, चौथऱ्यावर, जमिनीपासून हातभर उंच. उशाशी बॅटरी. हे तिला कुणी शिकवलं असं बाईंनी विचारलं नाही.

इंदुबाईनं चहा दिला. साखर जास्त होती. बाईंनी कप रिकामा केला.

"हितं बी साप हायेत," इंदुबाई म्हणाली. "परवा निघाला हुता एक. पोरं आली, म्हनली, मावशी, कुठला हाय? म्या म्हनलं, कुठला का असंना. सरा मागं आन् फोन लावा."

"बरोबर केलंत."

"तुमी सांगाय नगं," इंदुबाई म्हणाली, आणि कप उचलून मोरीकडे गेली.

बाई थोडा वेळ बसल्या. आत भांडं घासल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी पिशवी उचलली, उंबऱ्याशी वाकून चपला झटकल्या, आणि बसचा थांबा कुठे आहे ते गेटवर उत्तरेश्वरला विचारायला निघाल्या.